जुनी बुलेट: रॉकरला तेल येतंय, तरी खालून ठोका. फिल्टर उघडू का?

कोराडीरोड
नमस्कार मंडळी. वडिलांची बुलेट ३५० आहे, १९७६ ची. कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायाला गिअर. बाबा हिच्यावरूनच कोराडीला पॉवर स्टेशनवर ड्युटीला जायचे, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. दिवाळीनंतर झाकून ठेवली ती ठेवलीच. नवतप्यात दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती, तिथे गाडी कुठली काढता! पाऊस लागल्यावर परवा बाहेर काढली.

डिपस्टिक कोरडी होती. ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलावलं, त्याने जवळपास एक लिटर तेल ओतलं. गाडी सातव्या-आठव्या किकला सुरू झाली, पण ब्रीदरच्या नळीतून तेल थुंकू लागली आणि धूरही भरपूर. मेकॅनिकने इंजिनाच्या डोक्यावरचा, रॉकरला (झडपा उघडणाऱ्या दांड्यांना) तेल नेणाऱ्या नळीचा बोल्ट ढिला केला, तिथून तेल उसळलं. म्हणाला, "तेल फिरून राहिलं भाऊ, काही टेन्शन नाही."

रविवारी कोराडीच्या देवीला जाऊन आलो. येताना मानकापूरच्या अलीकडे रेस दिली की खालून डग-डग-डग. रेस सोडताना तर जास्तच. बंद केली आणि मित्राच्या गाडीला टोचन लावून घरी आणली. एक जण म्हणतो पिस्टन, दुसरा म्हणतो टॅपेट, तिसऱ्याने चेनवर बोट ठेवलं. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते सांगणारं घरात आता कोणी नाही. काय करू?

तर्रीपोहे
नऊ महिने उभी गाडी आन् पयल्याच फेरीत थेट कोराडी? लय डेरिंग आहे राज्या तुमची. देवीनंच मानकापूरपर्यंत आणून सोडलं समजा.

येझदीकाका
म्हणून सांगतो, जुनी टू-स्ट्रोक येझदी घ्या. पेट्रोलमध्येच तेल, ना पंप, ना फिल्टर. जे घातलं ते जळलं, विषय संपला.

उलटाआटा
काका, तुमच्या येझदीमागे कूलरची खसची ताटी धरली तर तीही काळी होईल. असो.

कोराडीरोड, आधी एक काम करा: किक मारू नका. "आवाज पुन्हा ऐकून बघू" म्हणूनही नाही.

टॅपेटचा आवाज वरून येतो, टिक-टिक असा बारीक, आणि तो रेस-लोडवर फारसा अवलंबून नसतो. पिस्टनचा खडखडाट इंजिन थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी होतो. प्रायमरी चेन डाव्या बाजूने फटके मारते. गाडी गरम झाल्यावर वाढणारा, खालून येणारा, रेस देताना-सोडताना उमटणारा जड ठोका म्हणजे पहिला संशय बिग एंडवर, म्हणजे पिस्टनचा रॉड खाली क्रँकला जोडतो त्या सांध्यावर. तुमच्या वर्षाच्या इंजिनात तिथे रोलर नाही, फ्लोटिंग बुश असतो. तो तेलाच्या थरावर तरंगतो म्हणून त्याचं हे नाव. तेल आटलं की फार वेळ दम धरत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी आहेत ज्या मेकॅनिकने वेगवेगळ्या धरल्या: डिपस्टिक कोरडी आणि रॉकरला तेल भरपूर. मला त्या एकच वाटतात. रात्री सविस्तर लिहितो, आता पोरांचा क्लास आहे.

पुणेकर_पाहुणा
रॉकरला तेल पोचतंय म्हणजे पंप चालू, म्हणजे ऑइलिंग ठीक. रॉकर तर सगळ्यात वर आहे, तिथवर चढलं तर खाली का नाही पोचणार? मला पिस्टनच वाटतोय.

वैदर्भी३५०
हाच घोटाळा मी स्वतः केलाय. पाणी वरच्या मजल्यावर येतं म्हणजे खालच्या नळालाही येणार, असा आपला हिशेब. पण या इंजिनात दोन मोटारी आहेत आणि दोघींच्या नळ्या वेगळ्या. उलटाआटा दादा लिहितीलच.

उलटाआटा
ताईंनी बरोबर धरलंय. सगळा धागा याच एका गोष्टीवर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

या बुलेटला वेगळी तेलाची टाकी दिसत नाही, कारण ती सिलिंडरच्या मागे क्रँककेसमध्येच ओतलेली आहे. टाकी एक कप्पा, फ्लायव्हील फिरतं ते पोट दुसरा कप्पा. टायमिंग कव्हरच्या आत दोन पंप आहेत आणि क्रँकच्या टोकावरचा वर्म (स्क्रूसारखा गिअर) दोघांना फिरवतो.

पहिला पंप टाकीतलं तेल उचलतो, फिल्टरच्या खोलीत ढकलतो. तेल फेल्टमधून (फिल्टरच्या नमद्यातून) गाळून टायमिंग कव्हरमधल्या वाटेने क्रँकच्या टोकात शिरतं आणि आतून बिग एंडला जातं. तिथून उडालेलं तेल सिलिंडर भिजवून पोटात पडतं.

दुसरा पंप पोटात पडलेलं हे तेल उपसतो, बाहेरच्या नळ्यांनी वर रॉकरला देतो, आणि तिथून ते पुशरॉडच्या वाटेने खाली उतरून परत टाकीकडे जातं.

म्हणजे रॉकरला येणारं तेल हे पोटातलं तेल आहे. बिग एंडच्या वाटेवर ते नाहीच. आता तुमची गाडी नऊ महिने उभी होती. टाकीतलं तेल झिरपत पोटात उतरलं, म्हणून डिपस्टिक कोरडी. मेकॅनिकने वरून आणखी लिटरभर ओतलं. सुरू केल्यावर दुसऱ्या पंपाला उपसायला पोटभर तेल, म्हणून रॉकरला कारंजं, ब्रीदरला थुंकी, सायलेन्सरला धूर. आणि पहिला पंप फिल्टरशी डोकं आपटत बसलेला असू शकतो, ते बाहेरून दिसणारच नाही. या गाडीला प्रेशरचा दिवा नाही.

पुणेकर_पाहुणा
पटलं, पण एक शंका. पहिल्या पंपाची वाट बुजली असेल तर टाकीतलं तेल पोटात उतरलं कसं? वाट बंद तर झिरपणंही बंद.

उलटाआटा
चांगला प्रश्न. बुजली म्हणजे सिमेंट भरलं असं नाही. थेंब-थेंब नऊ महिने उतरायला सुईच्या टोकाएवढी फट पुरते. चालत्या इंजिनाला तेवढ्यावर भागत नाही. शिवाय पंपाच्या चकत्या झिजल्या असतील तर तेल पंपांमधून परस्परही उतरतं, फिल्टरकडे न जाता. या चकत्या स्प्रिंगने दाबून बसवलेल्या असतात. पुढची वाट तुंबली की दाब चकतीला उचलतो आणि तेल तिथल्या तिथे सुटतं. पंप फिरतोय, पण माल पोचत नाही.

तर्रीपोहे
आमच्या वॉर्डातल्या नळासारखं झालं बाप्पा हे. मोटर चालू, मीटर चालू, बादली कोरडी.

कोराडीरोड
उलटाआटा सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली आणि पोटात गोळा आला. आज ऑफिसमधून आल्यावर खालचे प्लग उघडले. हिशेब असा:

टाकीच्या प्लगमधून लिटरभराच्या आसपास. पोटाच्या प्लगमधून सव्वा लिटर! (घरातलं दुधाचं माप वापरलं. ते आता घरात परत जाणार नाही हे मला सांगण्यात आलं आहे.) पोटातलं तेल डांबरासारखं काळं, टाकीतलं अर्धवट नवं.

फिल्टरचं झाकण उद्या उघडतो. नट सुटत नाहीये, आज सगळीकडे डिझेल लावून ठेवलंय. रॉकेल आता मिळतं कुठे!

वैदर्भी३५०
नट सुटत नाही म्हणून लांब पाना लावून झोंबू नका, ॲल्युमिनियमच्या कव्हरमधला स्टड आट्यासकट बाहेर येतो. रात्रभर भिजू द्या, सकाळी थोडं घट्ट करायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला, असं हलवत काढा.

आणि खाली पसरट परात ठेवा, तीही घरातली नको. झाकण सुटताच खोलीतलं तेल एकदम येतं. त्याबरोबर येणारं प्रत्येक काही, वॉशर, स्प्रिंग, पत्र्याची वाटी, ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने पेपरवर मांडा आणि मोबाईलने फोटो काढा. मी नाही काढला. दोन दिवस तो वॉशर कोणत्या बाजूचा यावर नवऱ्याशी भांडले, तो बिचारा बँकेत आहे.

कोराडीरोड
उघडलं. फोटो खाली जोडतोय, लिहितोही.

१) फेल्ट नावाची वस्तू उरलीच नव्हती. आतल्या जाळीला चिकटलेला काळा लगदा. बोट लावलं की तुकडे सुटतात. एका टोकाला तोंड फाटलेलं.
२) स्प्रिंग आहे, वाटी आहे. टोकाला बसणारा फेल्टचा वॉशर नाही. परातीत, खोलीत, अंगणात, सगळीकडे शोधला.
३) लगदा पांढऱ्या सुती फडक्यावर पसरला तर उन्हात चमकतोय. चिमूटभर असेल. लोहचुंबक फिरवला तर काही चिकटलं नाही.

तिसरी गोष्ट चांगली की वाईट?

उलटाआटा
फोटो बघितला. चुंबकाला चिकटलं असतं तर पंपाचा वर्म, गिअर, रिंगा असा संशय घेतला असता. न चिकटणारी चमक म्हणजे मऊ धातू: पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बुशचा धातू. अंगठ्याच्या नखाने कण दाबून बघा. पण या चिमटीवर इंजिन उघडायचा निर्णय घेऊ नका, ती कित्येक वर्षांची साठवण असू शकते.

गंभीर आहे ती दुसरी गोष्ट. तो वॉशर नसेल तर तेल फेल्टला वळसा घालून टोकाकडून सरळ पुढे जातं. म्हणजे तुमच्या गाडीत गाळणं केव्हाच बंद झालं होतं, आणि फेल्टचे सुटलेले धागेही त्याच वाटेने पुढे गेले असणार. धागे आता कुठे आहेत ते शोधायचं. नुसता नवा फिल्टर टाकून गाडी सुरू केली तर नव्या फिल्टरमागे जुनाच बोळा राहील.

चाचणी अशी. फिल्टर नवा घाला किंवा तात्पुरता रिकामाच ठेवून झाकण बंद करा. टाकीत ताजं तेल भरा, पोट रिकामं राहू द्या. स्पार्क प्लग काढा म्हणजे किक हलकी होईल. टायमिंग कव्हरवर क्रँकच्या टोकासमोर मोठ्या खाचेचा प्लग आहे, तो काढा. मग सावकाश किक मारत राहा. खोली भरायला वेळ लागतो, वीस-पंचवीस किक तर त्यातच जातात. त्यानंतर त्या भोकातून तेल ढळढळीत यायला हवं.

येझदीकाका
एक जुनी गोष्ट सांगतो, चिडू नका. आमच्या वेळी फेल्ट रॉकेलमध्ये धुवून परत बसवायचे. तुझ्या बाबांच्या पिढीतले सगळे हेच करत. गाड्या काही मेल्या नाहीत.

उलटाआटा
काका, खरं आहे, त्या काळी गाडीच्या पुस्तकातही फेल्ट धुवायला सांगत. पण तेव्हा तेल लवकर-लवकर बदलायचे आणि फेल्ट एक-दोन धुण्यांनंतर फेकायचे. आपल्याकडे पहिला भाग राहिला, दुसरा विसरला. धुतल्यावर वरची घाण जाते, बारीक गाळ पिळण्याने उलट आत रुततो आणि फेल्टचा पीळ सुटतो. ही लगद्याची अवस्था बहुधा त्यातूनच आली.

तर्रीपोहे
अन् आमचा एक दोस्त होता, त्यानं मोज्याचा तुकडा गुंडाळला होता जाळीले. वास तेलाचा होता का मोज्याचा ते आजपर्यंत समजलं नाही.

कोराडीरोड
चाचणी केली. पन्नास किक मोजून, मग पोराने वीस मारल्या. भोकाच्या कडेला घाम आल्यासारखं तेल दिसलं. ढळढळीत वगैरे काही नाही. रिकाम्या फिल्टरखोलीसकट हे, म्हणजे बोळा पुढेच आहे.

टायमिंग कव्हर उघडावं लागणार ना? अंगणातच करू की मेकॅनिककडे देऊ? त्याच मेकॅनिककडे द्यायची इच्छा नाही. (नाव विचारू नका, माणूस वाईट नाही, घाईचा आहे.)

उलटाआटा
कव्हर उघडणं अंगणात होतं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खुपसा. कव्हर निघालं की क्रँकच्या टोकावर वर्म दिसेल. त्याला हात लावू नका. लावायचीच वेळ आली तर लक्षात ठेवा, तो उलट्या आट्याचा आहे. माझं इथलं नाव त्याच्यावरूनच पडलंय, १९९३ साली मी तो "सोडवता सोडवता" जन्माचा घट्ट केला होता.

बघायच्या जागा दोन. कव्हरच्या आतली फिल्टरपासून क्रँकपर्यंतची तेलाची वाट, आणि क्रँकचं टोक कव्हरमध्ये जिथे शिरतं तिथला कॉर्कचा सील. सील कडक झाला असेल तर तेल क्रँकमध्ये शिरण्याऐवजी बाजूने टायमिंगच्या खोलीत गळतं, तिथून गुपचूप टाकीत परत. डिपस्टिक पूर्ण, बाहेर एक थेंब नाही, बिग एंड उपाशी.

कोराडीरोड
शनिवार गेला, रविवार गेला, पण सापडलं.

कव्हरच्या वाटेत मऊ तार घातली तर दीड-दोन इंचांवर अडली. टायर पंक्चरवाल्याकडे कव्हर घेऊन गेलो, त्याच्या कॉम्प्रेसरने उलट्या बाजूने हवा मारली. फट् करून जे बाहेर पडलं त्यात फेल्टचे धागे होतेच, पण त्यांना धरून ठेवणारी एक कडक, तपकिरी अळी होती. शेलॅक, गॅस्केटला लावायची लाख! कधीतरी कुणीतरी गॅस्केटला शेलॅक चोपडलं, दाबल्यावर ते आत वाटेत घुसलं आणि वाळलं. धाग्यांनी त्याच्यावर घरटं केलं. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, गाडीत अळी झाली."

कॉर्क सील लाकडाच्या बुचासारखा. नखाने दाबला तर खूणही उमटली नाही.

वैदर्भी३५०
शेलॅकची अळी हे फारच गोड निदान आहे. गॅस्केट नीट असेल आणि कव्हरची कड सपाट असेल तर पुसटसा हात पुरतो, तोही तेलाच्या भोकांपासून लांब. पुरणपोळीवर तूप सोडल्यासारखं सोडतात लोक.

नवा कॉर्क सील रात्रभर तेलात भिजत ठेवा, कोरडा बसवला तर कडा तुटते. आणि फिल्टर घेताना जुन्याची जाळी सोबत न्या. लांबी जुळवून घ्या. बाजारात आखूड माल येतो, स्प्रिंग त्याला धड दाबत नाही आणि मग वॉशर असून नसल्यासारखा.

कोराडीरोड
ताई, वाचवलंत. पहिल्या दुकानातला फेल्ट मापला तर तीन मिलिमीटर आखूड. दुकानदार म्हणे "चालते". मी म्हटलं मला चालत नाही. दुसरीकडे बरोबर लांबीचा मिळाला, वॉशर-गॅस्केटसकट, एका सावजी ताटापेक्षा स्वस्तात.

क्रँकच्या टोकातल्या भोकात तेलाच्या कुपीने तेल दाबलं. आधी अडलं, मग हळूहळू शिरू लागलं. वाट धुवून निघावी म्हणून बरंच घातलं आणि पोटाच्या प्लगमधून काढून टाकलं. तेल कुठलं भरू? एक जण सिंथेटिक म्हणतोय.

उलटाआटा
साधं मिनरल २०डब्ल्यू५०. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला सिग्नलवर उभं राहणाऱ्या हवेच्या थंडाव्याच्या इंजिनाला ते मानवतं. सगळं मिळून सव्वादोन लिटर लागतं, पण एकदम ओतू नका. थोडं कमी भरा, चालवा, बंद करा आणि लगेच डिपस्टिक बघा. बराच काळ उभ्या गाडीची डिपस्टिक बघून तेल ओतणं ही तुमच्या गोष्टीतली पहिली चूक होती.

आजच्या तेलात मळ सोडवणारी द्रव्यं असतात. आतला जुना गाळ सुटून नव्या फेल्टवर येईल, म्हणून हे पहिलं तेल आणि हा फिल्टर तीन-चारशे किलोमीटरमध्ये बदला. मी त्यापुढे दर दुसऱ्या तेलाला फिल्टर बदलतो.

पण सुरू करायच्या आधी बिग एंड तपासा. स्पार्क प्लगच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हरची दांडी पिस्टनवर टेकवा, पिस्टन वर येऊन जरा उतरला की इंजिन किंचित मागे-पुढे हलवा. वळताना मधेच पिस्टन थबकून "टक्" असं काही हाताला लागतं का? आडवी हालचाल रॉडला असतेच, ती चालते. उभी नको.

कोराडीरोड
चाचणी आधी: प्लगच्या भोकातून तेल अठ्ठावीसाव्या किकला आलं, बोटाएवढी धार. पोरगं नाचलं.

मग दांडी टेकवली. टक् लागतो. बारीक आहे, पण आहे. बायकोला, पोराला, शेजारच्या काकांना, सगळ्यांना धरायला लावलं. चौघांनाही लागला.

उलटाआटा
मग सुरू करू नका. फिल्टरचं काम पूर्ण झालं, पण बुशचं नुकसान आधी झालंय, तेल पोचल्याने ते भरून येणार नाही. आता बॅरल काढून रॉड हाताने उभा ओढून बघायचा. तिथेही लागलं तर क्रँक बाहेर. क्रँक दाबून बसवणारा लेथवाला नीट निवडा. फ्लायव्हील दोन सेंटरमध्ये धरून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावतो का, एवढं एकच विचारा. "अंदाजे बसवतो" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

कोराडीरोड
बॅरल काढलं, रॉड उभा हलतो. क्रँक हिंगण्याला एमआयडीसीत एकाकडे दिला. डायल लावतो, समोर लावून दाखवला. पोळ्यानंतर देतो म्हणालाय. फिल्टरची खोली, कव्हर, नवा सील सगळं पिशवीत बांधून ठेवलंय. जुना लगदा फेकू का?

तर्रीपोहे
फेकू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत न्या. ईडा पीडा, शेलॅकच्या अळ्या, घाईचे मेकॅनिक घेऊन जाय गे मारबत!

येझदीकाका
आणि आखूड फेल्टही.

उमरेडवाला
धागा वाचून घाबरलोय. माझी १९८४ ची, चार महिने उभी आहे, काल डिपस्टिक अर्धी दिसली म्हणून तेल आणून ठेवलंय. मागच्या वेळी रॉकरला तेल छान येत होतं. ओतू का?

वैदर्भी३५०
भाऊ, बाटली बंद करा. आधी पोटाचा प्लग उघडा आणि किती निघतं ते इथे लिहा.